इटलीहून आलेली संगीन : बेळगाव परिसरातल्या घरांतली युद्धस्मृतिचिन्हं आणि माझी एक चूक

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी दोन वस्तू टेबलावर ठेवल्या होत्या. एक जर्मन संगीन आणि एक जर्मन अधिकाऱ्याचा खंजीर. खंजीर माझा नव्हे, शहापुरातल्या एका कुटुंबानं तेवढ्या संध्याकाळपुरता दिलेला. संगीन माझी. बैठकीनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "आमच्याकडेही आजोबांनी आणलेलं असं काहीतरी आहे, त्याचं काय करायचं?" म्हणून हे टिपण सविस्तर लिहून काढलं. यात माहिती आहे तशी माझ्या हातून झालेली एक चूकही आहे. ती आधीच सांगतो, म्हणजे पुढचं का लिहिलंय ते कळेल.

१९९६ साली चंदगड तालुक्यातल्या एका गावात मी वीरगळ बघायला गेलो होतो. वीरगळाचं छायाचित्र घेऊन परतताना एका घरी चहाला थांबलो. गोठ्याच्या भिंतीत काहीतरी खोचलेलं दिसलं. ओढून पाहतो तर संगीन, म्यानासकट. घरमालक म्हणाले, "वडिलांनी लढाईतनं आणलेली. फणस फोडायला बरी पडते." वडील मिलिटरीत होते, चार-पाच वर्षांपूर्वी वारले होते. मी दीडशे रुपये पुढे केले, त्यांनी घेतले. दोघेही खूश. वडिलांचं नाव काय, कुठल्या पलटणीत होते, कुठं गेले होते, यातलं मी काहीएक विचारलं नाही. एसटी चुकेल म्हणून घाईत होतो.

घरी आल्यावर दुसरा पराक्रम केला. पॉलिश पेपर घेऊन पातं लख्ख घासलं. दोन तास घासलं. गंज गेला आणि त्याच्याबरोबर पात्याच्या मुळाशी असलेले बारीक शिक्के आणि अर्धा नंबरही गेला. तेव्हा मला वाटलं, काय सुंदर केली! आज ती हातात घेतली की स्वतःचीच लाज वाटते.

आपल्याच भागात एवढ्या वस्तू का?

याचं उत्तर कॅम्पात आहे. १९२२ च्या लष्करी पुनर्रचनेत पाचवी मराठा रेजिमेंट उभी राहिली आणि तिचं प्रशिक्षण केंद्र बेळगावात आलं. तेव्हापासून आजतागायत मराठा लाइट इन्फन्ट्रीचं घर हेच. कोल्हापूर, सातारा, कोकण, चंदगड, खानापूर, इकडं निपाणी-हुक्केरीपर्यंतची पोरं इथंच भरती झाली, इथंच कवायत शिकली आणि इथूनच बाहेर पडली. बरेच जण पेन्शनीत निघाल्यावर याच परिसरात राहिले. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या ट्रंकांत जे सापडतं ते इतरत्र सहसा सापडत नाही.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी कुठं कुठं होत्या हे थोडक्यात सांगतो, कारण वस्तू ओळखताना याचाच उपयोग होतो. तिसरी पलटण १९४१ च्या मार्चमध्ये इरिट्रियात केरेनच्या डोंगरावर इटालियन फौजेशी लढली. दुसरी पलटण, जिला काली पाँचवी म्हणत, जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा तिथं होती आणि युद्धकैदी झाली. पहिली म्हणजे जंगी पलटण आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत गेली. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतो बंदरात उतरली. तिसरी पलटण पुढं दहाव्या डिव्हिजनबरोबर १९४४ मध्ये इटलीत पोचली. काही पलटणी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होत्या, तिकडून येणाऱ्या वस्तू जपानी.

घरात कागद नसले तरी बऱ्याचदा पदकं असतात. पदक हरवलेलं असलं तरी फीत राहते. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पाच सारखे पट्टे असले तर तो इटली स्टार. फिकट वाळूच्या रंगावर मध्ये लाल आणि बाजूंना दोन निळ्या छटा असल्या तर आफ्रिका स्टार. मध्ये रुंद लाल पट्टा आणि दोन्ही अंगांना गडद निळा आणि नारिंगी असला तर बर्मा स्टार. आजोबा कुठल्या आघाडीवर होते हे इतक्या साध्या गोष्टीवरून कळतं. मग भिंतीवरचं हत्यार त्या आघाडीचं आहे का, हे पडताळता येतं. ज्या घरातला माणूस तोब्रुकला कैद झाला त्या घरात जर्मन खंजीर निघाला, तर तो कैदेतून आला असणं अवघड. दुसरा कुणी भाऊबंद मिलिटरीत होता का, हे विचारावं.

हत्यार बोलतं, पण हळू

आपल्याकडं सर्वांत जास्त आढळते ती साधी जर्मन संगीन, मॉझर बंदुकीला लागणारी. पातं साधारण २५ सेंटिमीटर, मुठीला लाकडाच्या किंवा बॅकेलाइटच्या दोन फळ्या, दोन स्क्रू, आणि मुठीच्या शेंड्यात बंदुकीच्या नळीखाली अडकवायची खाच. ही खाच दिसली की संगीन समजावी, खंजीर नव्हे. लोखंडी म्यान असतं. पात्याच्या मुळाशी एका बाजूला कारखान्याची खूण आणि साल, दुसऱ्या बाजूला नंबर. म्यानावरही तसंच. युद्धाच्या काळात जर्मनांनी कारखान्यांची नावं लपवण्यासाठी तीन-तीन अक्षरांच्या खुणा दिल्या होत्या. सी-ओ-एफ म्हणजे आयकहॉर्न, सी-व्ही-एल म्हणजे डब्ल्यूकेसी. दोन्ही सोलिंगेन गावचे. सोलिंगेन म्हणजे जर्मनीतलं पाती बनवणाऱ्यांचं गाव, मध्ययुगापासूनचं.

इटालियन संगीन याहून लांब, सुमारे ३० सेंटिमीटरची. शिवाय इटालियनांचे आखूड खंजीर असतात. पहिल्या महायुद्धात त्यांच्या धाडशी तुकड्यांसाठी जुन्या व्हेटर्ली बंदुकीच्या लांब संगिनी कापून खंजीर केले गेले. खंजिराची ही आवड पुढं मुसोलिनीच्या काळ्या डगल्यांच्या सेनेनं उचलली.

तिसरा प्रकार मिरवायच्या खंजिरांचा. नाझी राजवटीनं प्रत्येक खात्याला, संघटनेला वेगळा खंजीर दिला. तपकिरी डगल्यांच्या तुकड्यांना डिसेंबर १९३३ मध्ये जो मिळाला तो सोळाव्या शतकातल्या स्विस खंजिराच्या घाटाचा, पात्यावर घोषवाक्य कोरलेला. त्यातल्या काहींवर त्यांचा प्रमुख अर्न्स्ट र्‍योम याच्या नावाची भेट-ओळ होती. ३० जून १९३४ नंतर हिटलरनं त्याला मारवलं आणि ती ओळ घासून टाकण्याचा हुकूम निघाला. आज असे घासलेले खंजीर सापडतात. सरकारी हुकमानं इतिहास घासून काढल्याची खूण त्या पोलादावर तशीच राहिली आहे. आणि इकडं मी माझ्या संगिनीवरचा इतिहास विनाहुकूम घासला!

सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी १९३५ मध्ये वेगळा खंजीर आला. शहापूरचा खंजीर या जातीचा. पिवळसर पांढरी मूठ, आडव्या पट्टीवर पंख पसरलेला गरुड आणि त्याच्या पायात स्वस्तिक. हे खंजीर अधिकारी स्वतःच्या पैशानं विकत घ्यायचे आणि समारंभाला कमरेला लावायचे. खंदकात ते कुणी वापरत नसे.

यावरून दुसरा मुद्दा निघतो.

"समोरासमोर मारून आणला"

बहुतेक घरांत एकच गोष्ट ऐकायला मिळते. आजोबांनी जर्मनाला मारला आणि त्याच्या कमरेचा खंजीर काढून आणला. मी ती गोष्ट खोडायला जात नाही, ऐकून घेतो. पण खरं काय असावं ते इथं लिहायला हवं.

१० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनवर चालून गेले. त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले होते. हातबॉम्ब टाकला, टॉमीगन चालवली, गोळ्या भरायला वेळ नाही म्हणून शेवटच्या दोघांना बंदूक नळीकडून धरून हाणून मारलं. त्यानंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांचं स्मारक उभारलं. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जंगी पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना सुरुंगांतून पाठीवर वाहून आणलं आणि मग तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, ते सुखरूप परत आले. समोरासमोरची लढाई ही अशी होती. तिथं कुणाला कमरेचा खंजीर सोडवत बसायला सवड असेल, असं मला वाटत नाही. इटलीच्या लढाईत ५,७८२ हिंदी सैनिक मेले.

मग ही हत्यारं आली कुठून? इटलीतल्या जर्मन फौजेची शरणागती २ मे १९४५ ला अमलात आली. लाखो सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली. बंदुका एका ढिगात, संगिनी दुसऱ्या ढिगात. अधिकाऱ्यांच्या ट्रंका उघडल्या गेल्या. त्या ढिगातून उचललेलं, सिगारेटच्या पाकिटावर अदलाबदल केलेलं, रिकाम्या घरात मिळालेलं, असंच बहुतेक सामान घरोघरी आलं. अमेरिकन सैनिकांना अशी वस्तू घरी नेताना अधिकाऱ्याच्या सहीचा कागद मिळत असे, आणि तो कागद सोबत असला तर आज तिथं वस्तूची किंमत वाढते. आपल्या भागात मी असा कागद एकाही घरात पाहिलेला नाही. आपल्याकडं कागदाच्या जागी घरच्यांची आठवण असते. ती जपली नाही तर मागे नुसतं लोखंड उरतं.

यात आजोबांचा कमीपणा काहीच नाही. दोन-तीन वर्षं बर्फात नि चिखलात काढून, शेजारचा माणूस मेलेला पाहून, शेवटी जिवंत राहिलेल्यानं ढिगातून एक वस्तू उचलली. "संपलं" याची ती खूण. मला तर ही गोष्ट मारून आणल्याच्या गोष्टीपेक्षा जास्त पटते.

माझ्या संगिनीनं काय सांगितलं

माझ्या घासण्यातून पात्यावर तीन अक्षरं वाचली, कारण ती खोल होती. एफ-एन-जे, आणि ४३ हा आकडा. म्हणजे १९४३ चं पातं. नंबराचे शेवटचे दोन आकडे कसेबसे दिसतात, ३१. म्यान मात्र मी घासलं नव्हतं. त्यावर सी-व्ही-एल, ४४, आणि नंबराचा शेवट ८६. म्हणजे पातं एकाचं, म्यान दुसऱ्याचं.

संग्राहकांच्या बाजारात याला जोडी जुळत नाही म्हणतात आणि किंमत निम्मी करतात. मीही बरीच वर्षं तिला कमअस्सल समजत होतो. मग एक दिवस डोक्यात प्रकाश पडला. न जुळणारी जोडी म्हणजे कदाचित त्या ढिगाचीच साक्ष! एका ढिगातनं पातं, दुसऱ्यातनं म्यान. अर्थात जर्मन शिपायांच्याही आपसांत अदलाबदली होत, म्हणून पक्कं म्हणता येत नाही. पण एक गोष्ट पक्की. म्यान १९४४ चं आहे आणि आफ्रिकेतली लढाई मे १९४३ मध्येच संपली होती. तेव्हा ही संगीन इटलीचीच.

हे पक्कं करायला मी २०१९ मध्ये पुन्हा त्या गावी गेलो. तेवीस वर्षांनी. ज्यांनी संगीन विकली तेही आता नव्हते. त्यांची पत्नी होत्या, सत्तरीच्या. मी म्हटलं, "आजी, फार वर्षांपूर्वी तुमच्याकडून एक संगीन नेली होती." त्या लगेच म्हणाल्या, "दीडशे रुपयं दिलासा तुम्ही." मला हसावं की रडावं कळेना.

त्यांचं म्हणणं, मामंजी आफ्रिकेला होते. मी म्यानावरचं साल सांगितलं. नातीनं डबा शोधून आणला. त्यात पदक नव्हतं, पण फितीचा तुकडा होता. लाल, पांढरा, हिरवा. इटली. मग आफ्रिका कुठून आली? मला वाटतं, जातायेता इजिप्त लागलं असणार आणि घरच्यांच्या तोंडी ते नाव राहिलं असणार.

निघताना आजी एक गोष्ट बोलल्या. "खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडायचो. विळा, कोयता, कुदळ. पण मामंजी ही संगीन मांडू द्यायचे नाहीत. म्हणायचे, ती आपली नव्हं. दुसऱ्याच्या घरची हाय." त्यांच्या माघारी मुलानं ती फणसाला लावली.

मी त्यांना संगीन परत देऊ केली. त्या नको म्हणाल्या. "तुम्ही नीट ठेवलाय. फक्त त्यांचं नाव लिवा." नाव, गाव आणि ही सगळी हकिकत मंडळाच्या नोंदवहीत आहे. इथं संकेतस्थळावर नाव दिलेलं नाही, त्यांनी तशी इच्छा सांगितली म्हणून.

दुसऱ्याच्या घरची हे शब्द माझ्या मनातून जाईनात. म्हणून एफ-एन-जे कुणाचं हे शोधलं. ती खूण सोलिंगेनच्या अलेक्झांडर कोपेल कारखान्याची. १८२१ पासूनचा ज्यू कुटुंबाचा कारखाना, तराजूचं चिन्ह आणि आल्कोसो हा छाप. नाझी राजवटीत १९३६ च्या सुमारास कुटुंबाला तो सोडावा लागला. कारखाना चालू राहिला, नावही काही वर्षं तेच राहिलं, पाती मात्र हिटलरच्या फौजेसाठी बनू लागली. त्या घराण्यातले डॉक्टर अलेक्झांडर कोपेल यांना म्हातारपणी, १९४२ मध्ये, तेरेझिनच्या छळछावणीत धाडलं. त्याच वर्षी ते तिथं वारले. माझ्या संगिनीचं पातं घडलं त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. आज सोलिंगेनमध्ये त्यांच्या नावाची शाळा आहे.

चंदगडच्या त्या शिपायाला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण दुसऱ्याच्या घरची म्हणाले ते अगदी खरं होतं.

शहापूरचा खंजीर आणि सामान्य सूचना

शहापूरच्या घरात उलट झालं होतं. गरुडाच्या पायातलं स्वस्तिक बघून घरच्यांनी तो शुभ मानला आणि वर्षानुवर्षं खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलं. नातवाला मोबाईलवर खरं काय ते कळलं तेव्हा तो हादरला. मार्कंडेय नदीत टाकून येतो म्हणाला. मी त्याला थांबवलं. आपल्या दारावरचं स्वस्तिक आणि त्या गरुडाच्या पायातलं तिरकं स्वस्तिक यांचा अर्थ एक नाही, हे खरं. पण फेकून दिल्यानं आजोबा इटलीत होते याचा एकुलता पुरावाही नदीत जाईल. शेवटी घरच्यांनी ठरवलं, पूजेत मांडायचा नाही, आजोबांच्या फोटोबरोबर चिठ्ठी लावून कपाटात ठेवायचा. मला हे योग्य वाटतं. ज्यांना ती चिन्हं मिरवायची आहेत अशांना विकू नये, एवढंच माझं म्हणणं. खुद्द जर्मनीत ही चिन्हं जाहीर दाखवायला कायद्यानं बंदी आहे, अभ्यास आणि इतिहासाच्या कामाला तेवढी सूट आहे.

ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी.

घासू नका. पॉलिश पेपर नको, चिंच नको, राख नको. मऊ फडक्यावर थोडं मशीनचं तेल घेऊन पुसा, पुरे. चामड्याच्या म्यानात पातं कायम ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं गंजतं. पात्याला हात लागला तर लगेच पुसा, घामाचे डाग राहतात.

विकत घेताना सावध राहा. जर्मन खंजिरांच्या नकला ढिगानं बनतात, आपल्या देशातही बनतात आणि परदेशी जातात. सुरुवातीच्या अस्सल खंजिरांचं धातुकाम निकेलचं आणि जड असतं. उतरत्या काळातल्या अस्सल मालावर मात्र जस्तावर मुलामा असतो, तेव्हा हलका तो खोटा असंही समजू नका. कहाणीसह घरातून आलेली गंजकी संगीन दुकानातल्या चकचकीत खंजिरापेक्षा मोलाची.

कायदा लक्षात ठेवा. शस्त्र नियमांत खंजीर आणि संगीन ही धारदार शस्त्रं म्हणून नमूद आहेत आणि सरकारनं अधिसूचित केलेल्या भागात त्यांना परवाना लागतो. आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या. मिरवणुकीत तर अजिबात नेऊ नका.

आणि सर्वांत आधी, आज संध्याकाळीच, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. कुणी आणलं, कुठून आणलं, घरात ते कुठं ठेवत, त्याला काय म्हणत, हे विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. जमलं तर मंडळाकडे एक प्रत द्या. नोंदवहीत आतापर्यंत अकरा वस्तूंची नोंद आहे. त्यातल्या चार वस्तूंपुढं आणणाऱ्याच्या नावाची जागा मोकळी आहे, विचारायला माणूसच उरला नाही म्हणून.